कार्पेटच्या कापलेल्या कडेला चिकटवायचा तयार गोट: अकरा महिने वापरल्यावर

आईचा वॉकर कार्पेटच्या दोऱ्यात अडकला, त्याच दिवशी मी ही पट्टी मागवली.

खोलीभर कार्पेट बसवलं तेव्हा ४ फूट बाय ६ फुटांचा एक तुकडा उरला होता. रंग छान, जाडी छान, टाकून द्यायला जीव होईना. तो आईच्या पलंगालगत अंथरला, म्हणजे पहाटे उठल्यावर तिचे पाय गार फरशीवर पडायला नकोत. चारही कडा नुसत्या कापलेल्या होत्या. पहिले दोन आठवडे काही झालं नाही. झाडताना कडेशी चार-दोन धागे दिसायचे, ते मी उचलून टाकत होते. तिसऱ्या आठवड्यात एक दोरा वर आला आणि त्यात वॉकरच्या पायाची रबरी टोपी अडकली. आईने वॉकर पुढे सरकवला तसा दोरा तटतट आवाज करत ओळीने निघत गेला. मी शेजारीच उभी होते म्हणून ती पडली नाही. पण कार्पेटवर जवळपास दीड फूट लांब पांढरी रेघ उमटली. लव, म्हणजे वरचे उभे दोरे, गेलेली, खालची जाळी उघडी पडलेली. ती रेघ बघून माझ्या पोटात गोळा आला. त्यामुळे पुढचं जे काही लिहिते आहे ते कार्पेट दिसतं कसं यापेक्षा त्यावरून चालणारं माणूस सुरक्षित राहतं का, या नजरेने वाचा.

कड का उसवते हे आधी समजून घेतलं तर कुठली पट्टी चालेल आणि कुठली नाही हे आपोआप कळतं. यंत्रावर बनलेलं बहुतेक कार्पेट विणलेलं नसतं. एका पातळ कापडातून सुयांनी दोरे वर काढलेले असतात, त्यांना मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर देऊन धरून ठेवलेलं असतं, आणि त्यावर आणखी एक जाळीदार पाठ चिकटवलेली असते. म्हणजे दोऱ्याला गाठ नाही, वीण नाही. त्याची सगळी पकड त्या लॅटेक्सवर. आपण सुरी चालवतो तेव्हा कडेच्या ओळीची पकड अर्धी कापली जाते. लव कापलेली असेल तर झुबके एकेक करून गळतात, ते निदान दिसतं तरी. पण लूपचं कार्पेट असेल, म्हणजे दोऱ्याचे फासे न कापता तसेच ठेवलेलं, तर पूर्ण ओळीत एकच दोरा खालीवर धावत असतो. एक लूप सुटला की स्वेटर उसवावा तसा तो पुढचा, त्याच्या पुढचा ओढत नेतो. माझा तुकडा लूपचा होता. तेव्हा तुमच्याकडे असा दोरा वर आलेला दिसला तर तो ओढू नका. कात्रीने लवेच्या उंचीला कापा आणि तिथेच थांबा.

आता वस्तूबद्दल. गळ्याला किंवा उशीच्या अभ्र्याला आत दोरी घालून गोट लावतात ना, तसाच हा गोट, फक्त जाडजूड. आत सुती दोरी, तिच्यावर विणलेलं कापड, आणि गोटाला खालून जोडलेली इंचभर रुंद सपाट पट्टी. त्या पट्टीवर चिकट थर आणि त्यावर सोलून काढायचा कागद. पट्टी कार्पेटच्या पाठीला चिकटते, गोट कडेला उभा राहतो आणि कापलेली बाजू झाकतो. माझ्या पाकिटात २५ फूट पट्टी होती. तुकड्याचा घेर २० फूट, त्यामुळे पुरून उरली. मागवताना गोटाची उंची मात्र नीट बघा. माझी लव ८ मिलिमीटर होती, मी ७ मिलिमीटरचा गोट घेतला. गोट लवेपेक्षा उंच असेल तर पायाला उंबरठा तयार होतो, आणि फारच बुटका असेल तर लव त्याच्यावरून बाहेर ओघळते. घरात वय झालेलं माणूस असेल तर एक-दोन मिलिमीटर कमी असलेलाच बरा.

पाकिटावर कृती अगदी सोपी सांगितली होती: कागद सोला, कडेला लावा, दाबा, झालं. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण अशा बऱ्याच पट्ट्यांवर साधारण हेच छापलेलं असतं. माझी खरी तक्रार याच वाक्याबद्दल आहे.

मी तीन बाजूंना गोटासोबत गरम गोंदही (ग्लू गनमध्ये कांडी वितळवून सोडतात तो) वापरला. चौथी बाजू भिंतीकडची. तिथे कोणाचा पाय पडत नाही, तेव्हा पाकिटावरच्या शब्दावर विश्वास ठेवून नुसता चिकट थर दाबला. दीड महिन्याने पलंग सरकवला तर त्या बाजूचा गोट हातभर लांबीत सुटून तोंड उघडून बसलेला. मी तो अलगद उलटा केला आणि उजेडात धरला. चिकट थर जागेवर होता, पण त्याच्यावर पिठासारखी बारीक पांढरी भुकटी बसली होती, बोट फिरवलं तर बोट पांढरं. ही भुकटी कार्पेटच्या पाठीतून येते. मागच्या लॅटेक्समध्ये भर म्हणून चुनखडीची पूड घातलेली असते, आणि कार्पेट वाकलं, घासलं, जुनं झालं की ती झडायला लागते. चिकट थर पाठीला धरतच नव्हता, तो त्या भुकटीला धरत होता. वरून व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आठवड्याला दोनदा त्या कडेवरून जात होतं, तेवढा धक्का पुरला.

म्हणजे हा चिकट थर गोट जागेवर बसवून ठेवण्यापुरता आहे. शिवताना आपण टाचण्या लावतो, तेवढंच त्याचं काम. धाग्यांना धरून ठेवतं ते लॅटेक्स आणि कडेला धरून ठेवतो तो गरम गोंद. हे लक्षात आल्यावर मी भिंतीकडची बाजू पूर्ण काढून पुन्हा केली. आता पहिल्या कापणीपासून या दुसऱ्या खेपेपर्यंत जी पद्धत टिकली ती सगळी एकत्र सांगते.

सगळ्यात आधी कड पुन्हा कापायची. सुटलेल्या, सैल झालेल्या ओळींवर गोट लावण्यात अर्थ नाही, आत धागे सुटतच राहतात. मी चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर काढून टाकलं, आणि जिथे ती पांढरी रेघ होती ती बाजू रेघेपर्यंत आत घेतली. कटरचं पातं कोरं असू द्या. बोथट पातं धाग्यांना कापण्याऐवजी ओढतं. लूपचं कार्पेट वरच्या बाजूने, दोन ओळींच्या मधल्या घळीतून कापायचं. घळीत आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवलं की वाट मोकळी होते. कापलेल्या लवेचं कार्पेट मात्र पाठीकडून, धातूची पट्टी धरून कापा, म्हणजे लव छाटली जात नाही.

मग पाठ साफ करायची. कडेपासून दोन इंचांपर्यंत कडक ब्रशने झाडली, ओल्या फडक्याने पुसली, पूर्ण वाळू दिली. नंतर कापलेल्या कडेवर आणि पाठीच्या त्या दोन इंचांवर कार्पेटच्या जोडासाठी मिळणारं पातळ लॅटेक्स ब्रशने लावलं. ओलं असताना ते दुधासारखं पांढरं दिसतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, त्यामुळे कुठे वाळायचं राहिलंय ते लगेच कळतं. लवेच्या फक्त बुडाशी लावायचं, वरच्या टोकांना लागलं तर ती कडक होतात. मी रात्रभर वाळू दिलं. सकाळी कडेचा एक लूप नखाने ओढून पाहिला, जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर धागे सुटण्याचा प्रश्न इथेच संपला होता. पलंगाखाली किंवा कपाटाखाली जाणारी कड असेल आणि दिसण्याचा प्रश्न नसेल, तर एवढ्यावरच थांबलात तरी चालेल.

गोट लावायला सुरुवात कधी कोपऱ्यावर करू नका. सगळ्यात कमी वावर असलेल्या बाजूच्या मध्यावर करा, म्हणजे जोड तिथे येतो. कागद एकदम सगळा न सोलता वीतभर सोलायचा, कड गोटाला भिडवायची, दाबायची, पुढे सरकायचं. गोट ओढून ताणून लावू नका. ताण दिला तर तो नंतर आकसतो आणि कार्पेटची कड वाटीसारखी वर उचलली जाते.

कोपऱ्याला घाई नको. कोपरा जिथे येतो तिथे खालच्या पट्टीवर पेन्सिलने खूण केली, आणि खुणेच्या दोन्ही अंगांनी तिरकं कापून पट्टीतून त्रिकोणी तुकडा काढला. कात्रीचं टोक गोटाच्या शिलाईपर्यंत गेलं पाहिजे, पण शिलाई कापली जाता कामा नये. त्रिकोण काढला नाही तर वळवल्यावर पट्टीवर पट्टी चढते आणि कोपरा कायमचा फुगलेला राहतो. कार्पेटचं अगदी टोकही मी कात्रीने तीन-चार मिलिमीटर गोल केलं, कारण आत दोरी असलेला गोट काटकोनात मोडत नाही, थोडा गोलाईनेच वळतो. पहिल्या कोपऱ्याला मला पाऊण तास लागला, चौथ्याला दहा मिनिटं. शेवटचा जोड करताना गोटावरचं कापड दोनेक सेंटिमीटर मागे सारायचं, आतली दोरी तेवढी कापायची, कापडाचं टोक आत दुमडून सुरुवातीच्या टोकावर चढवायचं आणि दोन टाके घालायचे. माझा जोड आता शोधावा लागतो.

आता गरम गोंद, आणि इथे जरा थांबून वाचा. गोट बसल्यावर त्याच्या आणि कार्पेटच्या कापलेल्या बाजूच्या मधल्या खाचेत ग्लू गनने बारीक सलग धार सोडायची, वीतभर सोडली की लगेच बोटांनी गोट आत दाबून गोंद थिजेपर्यंत धरायचा. मी आधी कापून काढलेल्या चिंधीवर करून पाहिलं म्हणून वाचले. माझी गन जास्त उष्णतेवर होती. गोंद लागला तिथली लव आकसून एकमेकांत चिकटली आणि तिची चकचकीत, टणक गुठळी झाली. कारण सरळ आहे: माझं कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं आहे, आणि ते १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. जास्त उष्णतेच्या गनमधून गोंद साधारण १९० अंशांवर बाहेर पडतो. कमी उष्णतेची गन आणि तिच्याच कांड्या घेतल्या तर तो १२० अंशांच्या जवळपास असतो, मग लवेला काही होत नाही. नायलॉन २२० अंशांच्या पुढे आणि पॉलिएस्टर २५० च्या पुढे वितळतं, त्यामुळे तिथे एवढी धास्ती नाही. लोकर वितळत नाही, करपते. तुमचं कार्पेट कशाचं आहे ते पाठीवरच्या लेबलवर सापडलं तर उत्तम, नाहीतर चिंधीवर करून बघा. याच कारणाने लायटरने कड जाळून घ्यायचा जो सल्ला दिला जातो तो कृपा करून ऐकू नका. आगीची भीती तर आहेच, पण वितळून थिजलेली कड काचेसारखी टोकेरी होते आणि अनवाणी पायाला लागते.

अकरा महिने झाले. चारही बाजू बसलेल्या आहेत, एकही धागा बाहेर नाही. वॉकर दिवसातून निदान आठ-दहा वेळा त्या कडेवरून जातो. मी खाली घसरू न देणारी जाळी घातली, पण ती चारही बाजूंनी इंचभर आत कापली आहे, त्यामुळे कार्पेट कडेला थोडं खाली झुकतं आणि गोट फरशीला टेकतो. सुरुवातीला जाळी कडेपर्यंत होती तेव्हा आईचा पाय अडखळायचा. हा बदल तिने न सांगता ओळखला. म्हणाली, "आता पाय अडकत नाही गं." व्हॅक्यूमचा फिरता ब्रश मी कडेजवळ बंद करते, गोट असला तरी.

उणिवा आहेत, त्याही लिहिते. पलंगाकडच्या कोपऱ्यावर, जिथे वॉकरचा पाय वळतो, तिथलं गोटाचं कापड झिजून आतली दोरी दिसायला लागली आहे. कापड सुती असल्याने मळही धरतं. चालण्याच्या बाजूचा गोट दोन छटा काळपट झाला आहे, आणि ओल्या फडक्याने पुसून पूर्ण निघत नाही. रंग निवडताना कार्पेटपेक्षा गडद घ्या. एकदा साफसफाईत कार्पेटची घडी घातली गेली, तेव्हा घडीवरचा थिजलेला गोंद इंचभर तडकला. गुंडाळी केलेली चालते, घडी नाही. गरम पाण्याच्या वाफेने धुणाऱ्या मशीनपासूनही मी ही कड लांब ठेवते, कारण जो गोंद उष्णतेने वितळून लावला तो उष्णतेने मऊही होणार.

याआधी इस्त्रीने चिकटवायची पट्टी मी पायपुसण्याएवढ्या तुकड्यावर वापरली होती. तिची शिफारस करत नाही. गोंद वितळायला इस्त्री तापवावी लागते, आणि कार्पेटची पाठ पॉलिप्रॉपिलीनची असेल तर तीच आधी आकसायला लागते. इस्त्री कमी ठेवली तर पट्टी धरत नाही. महिन्याभरात कोपरे उलटले. कपड्यावर ही पट्टी छान काम करते, कार्पेटवर तिचा जीव पुरत नाही.

हाताने शिवलेल्या कडेवर मात्र माझं प्रेम आहे. २ फूट बाय ३ फुटांचा लोकरीचा एक तुकडा मी जाड मेणवलेल्या दोऱ्याने, वाकड्या सुईने, काजाच्या टाक्याने बांधून घेतला. टाका कडेपासून आठ मिलिमीटर आत, दोन टाक्यांत सहा मिलिमीटर अंतर. दोरा कडेच्या लांबीच्या सहापट तरी लागतो, आणि अंगुस्तानाशिवाय हे काम करू नका, लॅटेक्समधून सुई काढताना बोट सोलवटतं. दहा फुटांच्या घेराला दोन संध्याकाळी पूर्ण गेल्या. पण ती कड मऊ आहे, पातळ आहे, आणि झिजली तर दोन टाके नवे घालता येतात. लहान तुकडा असेल, हात शिवणाला सरावलेले असतील आणि वेळ असेल, तर मी गोटाआधी टाकाच सुचवेन. वीस फूट शिवायची माझ्या बोटांची तयारी नव्हती.

खूप मोठं कार्पेट, किंवा जिथे सतत वर्दळ आहे अशी जागा असेल तर मशीनवर कड बांधून देणाऱ्याकडेच न्या. तिथे पट्टी पाठीतून शिवली जाते किंवा दोऱ्याची सलग गुंफण घातली जाते, ती चिकटवलेल्या कडेपेक्षा कितीतरी जास्त टिकते. दारात फरशीला भिडणाऱ्या, बसवलेल्या कार्पेटला यातलं काहीच नको, तिथे धातूची पट्टी स्क्रूने बसवतात.

एका गोष्टीबद्दल मात्र ठाम सांगते. हाताने गाठी मारून विणलेला गालिचा असेल तर त्याला हा गोट लावू नका आणि गरम गोंद तर जवळही नेऊ नका. त्याच्या टोकांना ज्या दशा दिसतात ते वरून लावलेलं सजावटीचं काम नाही, ते गालिच्याचे उभे धागेच आहेत, ज्यांच्यावर सगळी वीण उभी आहे. त्या झिजल्या की गाठी सुटायला लागतात, आणि ते काम सुई-दोऱ्याने गालिचे दुरुस्त करणाऱ्याच्याच हातचं. गोंद लागलेली टोकं पुन्हा मोकळी करताना धागे तुटतात.

यंत्रावरचं कार्पेट, सरळ कडा, घरातला तुकडा, आणि एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर हा गोट जरूर घ्या. पाचपैकी चार देते. पाचवा गुण पाकिटावरच्या त्या एका वाक्यासाठी कापला. लॅटेक्स आणि कमी उष्णतेची गन सोबतच मागवा, त्यांच्याशिवाय सुरू करू नका.

माझ्याकडे साडेचार फुटांच्या आसपास पट्टी उरली आहे. पलंगाकडचा तो कोपरा येत्या महिन्यात तेवढाच कापून काढणार आणि तिथे ती जोडणार. लॅटेक्सची बाटली मात्र नवी आणावी लागेल, झाकण सैल राहिल्याने उरलेलं सगळं आत थिजून गेलं.